विश्लेषण : ब्रूस लीची ‘जीत कुन दो’ ही युद्धशैली होती, की शैलीलाच दिलेला नकार?

नानचाकू, पिवळा ट्रॅकसूट आणि ती किंचाळी. ब्रूस ली म्हटले की हेच आठवते. २० जुलै १९७३ रोजी हाँगकाँगमध्ये तो गेला, तेव्हा अवघ्या ३२ वर्षांचा होता. पण मिश्र मार्शल आर्ट्स अर्थात ‘एमएमए’ची चर्चा निघाली की आजही त्याचे नाव येतेच. त्यामागे केवळ चित्रपट नाहीत, तर त्याने घडवलेली लढण्याची पद्धत आहे.

सुरुवात कुठून झाली?

ब्रूस लीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. वडील चिनी संगीत नाटकातील नट होते आणि त्या वेळी अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. बालपण मात्र हाँगकाँगमध्ये गेले. बालकलाकार म्हणून चित्रपट, जोडीला रस्त्यावरच्या मारामाऱ्या. किशोरवयात तो इप मॅन यांच्याकडे ‘विंग चुन’ शिकू लागला. जवळून, सरळ रेषेत, झटपट ठोसे मारण्याची ही कुंग फूची शाखा. १९५८ मध्ये त्याने शालेय बॉक्सिंग स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी चा-चा नृत्याचे विजेतेपदही. पायांची ती लय पुढे लढताना कामी आली असावी, असे त्याच्या चित्रफिती पाहताना वाटत राहते.

मारामाऱ्या वाढल्याने १९५९ मध्ये घरच्यांनी त्याला अमेरिकेला धाडले. सिअ‍ॅटलमध्ये हॉटेलात काम, विद्यापीठात शिक्षण आणि फावल्या वेळात कुंग फूचे वर्ग असा दिनक्रम सुरू झाला.

ऑकलंडच्या लढतीत काय घडले?

१९६४ च्या अखेरीस ऑकलंडमधील त्याच्या वर्गात वाँग जॅक-मॅन या कुंग फू शिक्षकाशी बंद दाराआड लढत झाली. कारणाबाबत दोन्ही बाजू वेगवेगळे सांगतात. चिनी नसलेल्यांना विद्या शिकवू नये, यासाठी हे आव्हान आले, असे लीच्या बाजूचे म्हणणे. लीनेच जाहीर आव्हान दिले होते, असे दुसऱ्या बाजूचे. लढत तीन मिनिटे चालली की वीस, यावरही एकमत नाही.

महत्त्वाचे ते पुढचे. लीच्या गोटाच्या सांगण्यानुसार तो जिंकला. पण खूश नव्हता. प्रतिस्पर्धी मागे सरकत, पळत राहिला आणि समोर उभ्या माणसासाठी बेतलेले विंग चुनचे ठोसे तिथे पुरे पडेनात. शिवाय त्याला धाप लागली. जिंकल्यावर कोणी चुका शोधत बसत नाही. लीने मात्र प्रोग्रॅम चालत असतानाही त्यातला बग शोधावा, तसे स्वतःचे लढणे तपासायला घेतले.

मग त्याने काय बदलले?

आधी शरीर. धावणे, दोरीवरच्या उड्या, वजने. मग तंत्र. मोहम्मद अलीच्या लढतींच्या फिती पाहून पायांच्या हालचाली अभ्यासल्या. फेन्सिंगमधून त्याने महत्त्वाची कल्पना घेतली : वार आधी अडवायचा आणि मग उलट मारायचे, यात दोन हालचालींचा वेळ जातो. त्यापेक्षा समोरचा वार करायला निघतो त्याच क्षणी त्याला गाठायचे. १९६७ मध्ये त्याने पद्धतीला नाव दिले ‘जीत कुन दो’, म्हणजे वार मध्येच रोखणाऱ्या मुठीचा मार्ग.

पवित्राही त्याने उलटा घेतला. उजवा बॉक्सर सहसा डावा हात पुढे ठेवतो. लीने ताकदीचा हात पुढे आणला, कारण तो लक्ष्याच्या सर्वांत जवळ असतो. पडद्यावर डोक्यापर्यंत जाणाऱ्या लाथा मारणारा ली प्रत्यक्ष लढाईसाठी मात्र गुडघा-नडगीवरच्या खालच्या लाथांचा पुरस्कर्ता होता. लाथेचे अंतर, ठोशाचे अंतर, हात अडकवण्याचे अंतर आणि कुस्तीची पकड, या चारही टप्प्यांत लढता आले पाहिजे, हा त्याचा आग्रह. आणि हे सगळे ग्लोव्ह्ज, हेडगार्ड घालून खऱ्या जोराने तपासायचे. हवेत केलेल्या कवायतीवर त्याचा फारसा विश्वास नव्हता.

स्वतःचेच वर्ग का बंद केले?

१९७० मध्ये त्याने आपल्या नावाचे वर्ग बंद करायला सांगितले. विद्यार्थी त्याचे शिकवणे अंतिम सत्य मानू लागतील, ही भीती त्यामागे होती. शैलींच्या चौकटी मोडायला निघालेल्या माणसाने पद्धतीला नाव दिले, तिथेच नवी चौकट तयार झाली. ही अडचण त्याला सुटली नाही, असेच म्हणावे लागेल. त्याच वर्षी वजन उचलताना पाठ दुखावली आणि तो काही महिने अंथरुणाला खिळला. त्या काळात त्याने बरीच टिपणे लिहिली. त्याच्या टिपणांचे पुस्तक १९७५ मध्ये, तो गेल्यावर निघाले.

हॉलिवूडमध्ये मनासारखे काम मिळेना. १९७१ मध्ये एका नियोजित चित्रपटाची स्थळे पाहायला तो भारतातही येऊन गेला. तो चित्रपट त्याच्या हयातीत झाला नाही. त्यानंतर हाँगकाँग, ‘द बिग बॉस’ आणि दोन वर्षांची अफाट लोकप्रियता. अखेर मेंदूला सूज आली आणि सारे संपले.

तो एमएमएचा जनक आहे का?

सरसकट तसे म्हणणे घाईचे ठरेल. ‘यूएफसी’ १९९३ मध्ये सुरू झाली ती ब्राझीलमधील ग्रेसी घराण्याच्या जु-जित्सूच्या परंपरेतून. शिवाय ली प्रौढपणी स्पर्धात्मक लढतींत उतरला नाही. त्यामुळे त्याची पद्धत त्याच्याच हातून रिंगणात कधी सिद्ध झाली नाही. तरीही ‘एंटर द ड्रॅगन’ची सुरुवातीची लढत पाहा. बोटे मोकळी असलेले ग्लोव्ह्ज आणि शेवटी जमिनीवर हात पिळून घेतलेली शरणागती. १९७३ साली!

त्याच्यामागे विद्यार्थ्यांत दोन तट पडले. एक गट त्याने शिकवले तेवढेच जसेच्या तसे जपतो. दुसऱ्या गटाला नव्याची भर हवी असते. त्यातले ठळक नाव डॅन इनोसँटो. त्यांनी फिलिपिनो काठी, थाई बॉक्सिंग जोडले आणि उतारवयात ब्राझिलियन जु-जित्सूचा ब्लॅक बेल्टही मिळवला.