अण्णा भाऊंची मैना आणि मुंबई

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्याच दिवशी वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. तेच पुढे शाहीर अण्णा भाऊ साठे म्हणून महाराष्ट्रास परिचित झाले. शाळेशी त्यांचा संबंध जवळजवळ आलाच नाही. पोटासाठी हे कुटुंब पायी मुंबईस आले आणि कोळसे वेचणे, हमाली, गिरणीतील मजुरी अशी मिळतील ती कामे अण्णा भाऊंनी केली.

१९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशाची चौकट कायम ठेवून त्यांनी आतील ऐवज बदलला. गणात मातृभूमीला व श्रमिकांना वंदन आले, गौळण वगळली गेली. त्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, तसाच काळ्या बाजारावरही. युद्धकाळातील टंचाई व नफेखोरी यांचा संबंध गिरणगावास उमगला तो अहवालांतून नव्हे, तर डफाच्या थापेवर, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. तेलंगणच्या लढ्यावरही त्यांनी पोवाडा लिहिला. तो निजामी राज्यातील शेतकऱ्यांचा लढा होता आणि औरंगाबादसह सारा मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, हे येथील वाचकांस सांगावयास नको.

त्यांची सर्वांत गाजलेली रचना मात्र ‘माझी मैना’ ही छक्कड होय. तिला विरहगीत मानून माना डोलावणारे पुष्कळ आहेत. परंतु तो विरह दैवाने घडविलेला नाही. गावी रोजगार नाही म्हणून पुरुष मुंबईस जातो, आणि मुंबईची मजुरी बायकोला बरोबर आणण्यास पुरत नाही. हाच विरह शाहिराने पुढे बेळगाव-कारवारपासून तुटलेल्या महाराष्ट्राशी जोडला, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ही छक्कड सभासभांतून दुमदुमली. १ मे १९६० रोजी राज्य झाले. बेळगाव, कारवार बाहेरच राहिले.

१९५९ मध्ये ‘फकिरा’ ही कादंबरी आली, तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. १९६१ मध्ये ते रशियास जाऊन आले. एवढ्या कीर्तीने त्यांच्या घरचे दारिद्र्य हटले नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडपट्टीत ते राहत असत. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे सहा आठवड्यांतच, २९ ऑगस्टला, अमर शेखही अपघातात गेले.