कागदी माणसाची शेवटची मोठी मॅच

कल्पना करा, तुमची टीम वर्ल्डकपला क्वालिफाय झालीय. ड्रॉ निघालाय, पहिली मॅच कोणाशी तेही ठरलंय. आणि स्पर्धेला तीनेक महिने उरलेले असताना तुमचा देशच नकाशावरून गायब होतो. शेजारच्या देशानं तो गिळलाय. वर तोच शेजारी तुम्हाला आपली जर्सी घालून खेळायला बोलावतोय.

१९३८ मध्ये ऑस्ट्रियाच्या फुटबॉलपटूंचं नेमकं हेच झालं. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूनं काय केलं, त्याची ही गोष्ट. त्याचं नाव माथियास सिंडेलार. मेस्सी-रोनाल्डोच्या रील्समध्ये तो तुम्हाला सापडणार नाही, कारण त्याच्या खेळाचं चित्रीकरणच फार थोडं उरलंय. पण व्हिएन्नात आजही त्याच्या नावाचा रस्ता आहे.

ऑस्ट्रिया आणि जर्मनी. भाषा एक, सीमा लागून, आणि फुटबॉलमधली खुन्नस शंभर वर्षांहून जुनी. दोघांची पहिली आंतरराष्ट्रीय मॅच १९०८ मध्ये व्हिएन्नात झाली आणि ऑस्ट्रियानं ती ३-२ अशी जिंकली. हा ३-२ चा आकडा लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

गंमत बघा, ऑस्ट्रियाचा हा हिरो जन्मानं व्हिएन्नाचा नव्हताच. सिंडेलार जन्मला १० फेब्रुवारी १९०३ ला, मोराव्हियातल्या कोझलोव्ह नावाच्या खेड्यात. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे, तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होतं. वडील गवंडी. मुलगा लहान असतानाच कामाच्या शोधात कुटुंब व्हिएन्नात आलं आणि फावोरिटेन या भागात राहिलं. हा वीटभट्ट्यांचा आणि चेक मजुरांचा इलाखा. राजधानीतल्या झगमगत्या इमारती ज्यांनी बांधल्या, त्यांची वस्ती. त्या काळच्या ऑस्ट्रियन टीमची आडनावं वाचलीत, सिंडेलार, सेस्टा, स्मिस्टिक, झिशेक, तर निम्मी टीम चेक वाटेल. पुढे नाझींनी दोन्ही देशांचं रक्त एकच असल्याचा जो प्रचार केला, तो या आडनावांसमोर ठेवून बघा.

पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, वडील इटलीच्या आघाडीवर मारले गेले. माथियास तेव्हा चौदा वर्षांचा. आई कपडे धुण्याचं काम करून चार मुलांना वाढवत होती. हा पोरगा कुलपं बनवणाऱ्याकडे उमेदवारी करायचा आणि उरलेल्या वेळात गल्लीत फुटबॉल. पंधराव्या वर्षी हेर्था व्हिएन्ना या क्लबनं त्याला घेतलं.

विशीत असताना त्याचा उजवा गुडघा दुखावला. मेनिस्कस. आज ही दुखापत झाली की ऑपरेशन होतं, काही महिन्यांत खेळाडू मैदानात परततो. १९२३ मध्ये हा करिअरचा फुलस्टॉप ठरू शकला असता. हान्स श्पिट्झी नावाच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि ते यशस्वी झालं. मात्र त्यानंतर सिंडेलार कायम त्या गुडघ्याला पट्टी बांधून खेळला. फोटोंमध्ये त्याला ओळखायची सोपी खूण म्हणजे ती पट्टी.

या गुडघ्यानं त्याचा खेळही ठरवला असं मला वाटतं. तो धक्काबुक्की टाळायचा. अंगानं किडकिडीत, त्यामुळे डिफेंडरला भिडण्यापेक्षा त्याच्या बाजूनं सरकून जायचा, बॉल छोट्या छोट्या पासेसनी फिरवायचा. लोकांनी नाव ठेवलं ‘कागदी माणूस’. कागदाचा कपटा जसा दाराच्या फटीतून जातो, तसा हा दोन डिफेंडरमधून जायचा. खेळायचा सेंटर फॉरवर्डच्या जागी, पण गोलसमोर उभं राहून बॉलची वाट बघायची सवय नाही. मागे यायचा, खेळ रचायचा. ‘फॉल्स नाइन’ हा शब्द तुम्ही फिफा गेममध्ये आणि कॉमेंट्रीत ऐकला असेल. तो जन्मायच्या कितीतरी आधी हा माणूस तसं खेळत होता.

१९२४ मध्ये तो ज्या क्लबकडे गेला, तो पुढे ऑस्ट्रिया व्हिएन्ना झाला. १९२६ मध्ये राष्ट्रीय टीममध्ये पदार्पण, प्रागमध्ये चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध आणि तिथेच गोल. जन्मभूमीविरुद्ध!

इथे ह्युगो माइस्ल या माणसाची ओळख हवी. ऑस्ट्रियन टीमचा सर्वेसर्वा, शिस्तीचा भोक्ता. १९२९ च्या जानेवारीत दक्षिण जर्मनीच्या टीमनं न्यूरेंबर्गमध्ये बर्फाळ मैदानावर ऑस्ट्रियाला ५-० नं धुतलं. सिंडेलारचं म्हणणं पडलं, की आपण शॉर्ट पासिंग अजून जास्त करायला हवं होतं. माइस्ल भडकला, असं सांगतात. पुढची दोनेक वर्षं सिंडेलार जवळपास टीमबाहेरच होता.

तेव्हाचं व्हिएन्ना म्हणजे कॉफीहाऊसचं शहर. कॉफीहाऊस म्हणजे आपला कट्टाच समजा, फक्त वर छत आणि पुढ्यात पेपर. लेखक, पत्रकार, बेकार, सगळे तिथे तासन् तास बसायचे आणि फुटबॉलवर तावातावानं बोलायचे. माइस्लचा अड्डा होता रिंग कॅफे. तिथे लोकांनी सिंडेलारसाठी त्याचं डोकं खाल्लं, आणि शेवटी त्यानं ऐकलं.

१६ मे १९३१. सिंडेलार परत आला आणि ऑस्ट्रियानं स्कॉटलंडला ५-० नं हरवलं. आठवड्याभरात बर्लिनमध्ये जाऊन जर्मनीला ६-०. सप्टेंबरमध्ये जर्मनी व्हिएन्नात आली, ५-०, त्यात सिंडेलारची हॅटट्रिक. पुढच्या वर्षी हंगेरीला ८-२, पुन्हा हॅटट्रिक. १४ मॅचेस ही टीम हरली नाही. ‘वुंडरटीम’ म्हणजे चमत्कारी टीम, हे नाव तिला तेव्हाच पडलं. डिसेंबर १९३२ मध्ये लंडनला इंग्लंडनं त्यांना ४-३ असं थांबवलं, पण हरलेल्यांचंच कौतुक जास्त झालं.

सिंडेलार स्टार झाला. कोट, घड्याळं, दुधाचे पदार्थ, सगळ्याच्या जाहिरातीत त्याचं नाव. राहायला मात्र फावोरिटेनमध्येच, आईजवळ. क्लबकडूनही त्यानं मैदान गाजवलं. १९३३ च्या मित्रोपा कपच्या, म्हणजे मध्य युरोपातल्या क्लबांच्या मोठ्या स्पर्धेच्या फायनलमध्ये मिलानच्या टीमविरुद्ध तिन्ही गोल त्याचे.

वर्ल्डकप मात्र हुकला. १९३४ ला इटलीत सेमीफायनलपर्यंत मजल मारली. मिलानमध्ये चिखलानं भरलेलं मैदान, समोर यजमान इटली आणि सिंडेलारच्या अंगावर सोडलेला लुईस मोंटी. हा मोंटी चार वर्षांपूर्वी अर्जेंटिनाकडून वर्ल्डकप फायनल खेळलेला, आता इटलीच्या जर्सीत. तो माणसं कशी अडवायचा हे सभ्य भाषेत सांगणं अवघड आहे. ऑस्ट्रिया १-० नं हरली. तिसऱ्या जागेसाठीच्या मॅचला सिंडेलार खेळू शकला नाही, आणि तीही ऑस्ट्रियानं ३-२ नं गमावली. कोणाविरुद्ध? अर्थात जर्मनी.

मग १२ मार्च १९३८. हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात घुसलं आणि देश संपला. इतका संपला, की नावही उरलं नाही. ऑस्ट्रियाच्या जागी ‘ओस्टमार्क’, पूर्वेकडचा सरहद्द प्रांत. वर्ल्डकपमधली ऑस्ट्रियाची जागा रिकामी झाली, तिच्याशी खेळणार असलेल्या स्वीडनला पुढे चाल मिळाली. व्हिएन्नाचा ज्यू क्लब हाकोआ, १९२५ चा लीग विजेता, बंद केला गेला आणि त्याचे निकालच रद्द झाले. सिंडेलारच्या क्लबचे ज्यू अध्यक्ष मिख्ल श्वार्त्स यांना हाकललं गेलं. त्यांच्याशी बोलायचं नाही असं फर्मान होतं. सिंडेलार मात्र रस्त्यात भेटले की त्यांना नमस्कार करत राहिला, ही आठवण व्हिएन्नात बरेचदा सांगितली जाते.

१० एप्रिलला सार्वमत होतं, विलीनीकरण मान्य आहे का यावर. त्याच्या आठवडाभर आधी, ३ एप्रिलला, प्राटर स्टेडियमवर एक मॅच ठेवली गेली. एकीकडे जर्मनी, दुसरीकडे ओस्टमार्क या नव्या नावानं ऑस्ट्रिया. दोन भाऊ एकत्र आल्याचा सोहळा, नाझी पुढारी व्हीआयपी बॉक्समध्ये, स्वस्तिकाचे झेंडे, सुमारे ६० हजार लोक. सिंडेलार पस्तिशीत पोचलेला. टीम लाल-पांढऱ्या-लाल रंगात उतरली, म्हणजे थेट ऑस्ट्रियन झेंड्याचे रंग. हा आग्रह त्याचाच होता म्हणतात.

पहिल्या हाफमध्ये गोल नाही. इथून दंतकथा सुरू होते. सिंडेलार गोलसमोर सोपे चान्स मुद्दाम बाहेर मारत होता, बॉल इतका पोस्टला घासून जायचा की चूक वाटायची नाही, थट्टा वाटायची. कारण काय, तर मॅच बरोबरीत सोडवायचा वरून आदेश होता. हा आदेश कुठल्या कागदावर सापडलेला नाही. पण पुढचं खरं आहे. दुसऱ्या हाफमध्ये त्यानं गोल केला. नंतर त्याच्या मित्रानं, कार्ल सेस्टानं, लांबून फ्री किक मारून दुसरा. २-०. यानंतर सिंडेलार नाझी पुढाऱ्यांच्या बॉक्ससमोर जाऊन नाचला, अशी कथा आहे. ती खरी असावी असं वाटतं ना? मलाही वाटतं. म्हणूनच ती जरा जपून वापरायला हवी.

त्यानंतर त्यानं जे केलं, त्याला दंतकथेची गरज नाही. जर्मनीचे कोच सेप हेर्बर्गर यांना तो वर्ल्डकपसाठी हवा होता. त्यांनी विचारलं, पुन्हा विचारलं. सिंडेलारनं वयाचं आणि दुखापतीचं कारण पुढे केलं आणि गेला नाही. भाषण नाही, घोषणा नाही. गुडघ्यावरची पट्टी होतीच.

जर्मनीनं वरच्या हुकमावरून निम्मे जर्मन, निम्मे ऑस्ट्रियन अशी खिचडी टीम नेली. एकांचा खेळ पळण्याचा आणि ताकदीचा, दुसऱ्यांचा छोट्या पासचा. पहिल्याच फेरीत स्वित्झर्लंडशी १-१, आणि रिप्लेमध्ये २-० नं पुढे असताना ४-२ नं पराभव. घरी परत.

इथे थांबलो तर छान पोस्टर होईल. पण त्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट १९३८ मध्ये, सिंडेलारनं फावोरिटेनमध्ये एक कॅफे विकत घेतला. मालक लिओपोल्ड ड्रिल, ज्यू. त्या दिवसांत ज्यूंची दुकानं ‘आर्य’ हातांत सोपवली जात होती, मालकाला विकायचंय की नाही हा प्रश्नच नव्हता. सिंडेलारनं २० हजार राइशमार्क मोजले. त्याची बाजू घेणारे म्हणतात, त्यानं ड्रिलला जमेल तितकी बरी वागणूक दिली, दुसऱ्या कुणी तेवढेही पैसे दिले नसते. असेलही. पण ही संधी त्याला मिळाली ती ड्रिलचे हक्क काढून घेतले गेले म्हणूनच. ड्रिल पुढे १९४३ मध्ये टेरेझिनच्या छळछावणीत मरण पावला. जर्मन जर्सी नाकारणारा आणि हा कॅफे घेणारा, दोन्ही एकच माणूस, दोन्ही गोष्टी काही महिन्यांच्या अंतरानं. या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात त्याच्या कबरीच्या सन्मानावरून वाद पेटला, तो याच कॅफेमुळे.

कॅफे त्यानं फार दिवस चालवलाच नाही. २३ जानेवारी १९३९ च्या सकाळी, मैत्रीण कॅमिला कास्टान्योलाच्या घरी तो मृत सापडला. ती बेशुद्ध होती, नंतर हॉस्पिटलमध्ये गेली. कारण कार्बन मोनॉक्साईड, बिघडलेल्या धुराड्यातून घरात साठलेला. पोलिसांनी अपघात म्हणून फाइल बंद केली. व्हिएन्नाचा विश्वास बसला नाही. कुणी खून म्हणालं, कुणी आत्महत्या. फ्रीडरिश टोरबर्ग या लेखकानं त्याच्या मृत्यूवर लिहिलेली कविता आत्महत्येकडे बोट दाखवते, आणि लोकांच्या मनात तीच राहिली. पुरावा मात्र धुराड्याच्याच बाजूनं जास्त आहे. अंत्ययात्रेला सुमारे १५ हजार लोक आले. नाझी राजवटीत एवढी गर्दी, आणि तीही त्यांच्या हुकमाशिवाय. वय होतं पस्तीस.

युद्धानंतर ऑस्ट्रिया पुन्हा देश झाला, खुन्नसही पुन्हा सुरू झाली. १९५४ च्या वर्ल्डकप सेमीफायनलमध्ये पश्चिम जर्मनीनं ६-१ नं चोपलं. १९८२ मध्ये तर गिहोनला दोघांनी १-० वर जवळपास खेळणंच थांबवलं, दोघंही पुढे गेले आणि बिचारी अल्जेरिया बाहेर. तेव्हापासून गटातल्या शेवटच्या मॅचेस एकाच वेळी सुरू होतात. पण ऑस्ट्रियातल्या कुणालाही विचारा, तो १९७८ सांगेल. अर्जेंटिनातलं कोर्दोबा, २१ जून, हान्स क्रांकलचे दोन गोल, ३-२. तिथले पेपर अजून त्याला चमत्कार म्हणतात.

जर्मनीवरचा हा ४७ वर्षांनंतरचा पहिला विजय, असं तेव्हा मोजलं गेलं. म्हणजे आधीचा विजय सप्टेंबर १९३१ चा, सिंडेलारच्या हॅटट्रिकचा. ३ एप्रिल १९३८ चा २-० त्यात धरलेला नाही. कागदोपत्री तेव्हा ऑस्ट्रिया नावाचा देशच नव्हता, त्यामुळे ती आंतरराष्ट्रीय मॅच ठरत नाही. सिंडेलारच्या नावावर ४३ आंतरराष्ट्रीय मॅचेस आहेत. शेवटची १९३७ ची.