सर चार्ल्स व्हीटस्टन

दमणगंगेवरचे मधुबन धरण आम्हां सिल्वासाकरांच्या नित्य परिचयाचे आहे. धरणाची भिंत डोळ्यांना निश्चल भासते. परंतु पाण्याच्या भाराने व उन्हाथंडीने कोणतेही धरण, कोणताही पूल किंचित ताणला वा दाबला जातच असतो. हे प्रमाणाबाहेर गेले की तडा पडतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला असेच तडे गेले होते. तडा डोळ्यांना दिसण्यापूर्वीच बांधकामावरचा ताण मोजण्याची जी साधने अभियंते वापरतात, त्यांपैकी अनेकांच्या मुळाशी एका वाद्यविक्रेत्याच्या मुलाचे काम आहे.

चार्ल्स व्हीटस्टन यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८०२ रोजी इंग्लंडात ग्लॉस्टरजवळ झाला. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना लाभले नाही. लंडनला काकांच्या वाद्यांच्या दुकानात काम करताना, नाद लाकडातून व तारेतून कसा वाहतो याचा त्यांना ध्यास लागला. कॉन्सर्टिना हे भात्याचे वाद्य त्यांनीच सिद्ध केले. आपल्या भजनातल्या पेटीचे ते भावंडच म्हणावे! १८३४ मध्ये ते किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाले खरे, पण स्वभाव कमालीचा भिडस्त. श्रोत्यांपुढे उभे राहणे त्यांना संकट वाटे. कुक यांच्यासह १८३७ मध्ये त्यांनी तारायंत्राचे पेटंट घेतले.

१८४३ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे विद्युत्-रोध मोजण्याची युक्ती मांडली. चार रोध चौकोनात जोडावयाचे, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना विद्युत्घट लावावयाचा आणि उरलेल्या दोहोंमध्ये गॅल्व्हानोमीटर ठेवावयाचा. रोध योग्य प्रमाणात असले म्हणजे सुई शून्यावर स्थिर राहते; एक जरी लेशमात्र बदलला तरी ती ढळते. जणू सोनाराचा काटाच! ही रचना सॅम्युएल ख्रिस्टी यांनी १८३३ मध्येच वर्णिली होती, आणि व्हीटस्टन यांनी तसे प्रांजळपणे नमूद केले. तरीही जगाने तिला 'व्हीटस्टनचा सेतू' म्हटले. ख्रिस्टींवर हा अन्यायच झाला. मात्र त्याचा दोष व्हीटस्टन यांना देता येत नाही.

याच सेतूच्या साहाय्याने १८५६ मध्ये विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी दाखविले की तार ताणली असता तिचा रोध बदलतो. व्हीटस्टन यांना १८६८ मध्ये 'सर' ही पदवी मिळाली व १९ ऑक्टोबर १८७५ रोजी पॅरिस येथे त्यांचे देहावसान झाले.

टॉमसन यांच्या शोधाचा बांधकामांना खरा उपयोग होण्यास मात्र १९३८ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील आर्थर रूज हे भूकंपाचे धक्के बसणाऱ्या पाण्याच्या टाकीच्या प्रतिकृतीचा अभ्यास करीत होते. तिच्या पातळ पत्र्यावरचा ताण कसा मोजावा हे त्यांना सुचेना. अखेर त्यांनी बारीक तारच पत्र्यावर चिकटविली. त्याच सुमारास एडवर्ड सिमन्स यांनाही ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती. आज अशी ताणमापक पट्टी पुलाच्या तुळईवर बसवितात. तुळईचा एक मीटर भाग मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने लांबला, तर १२० ओहमच्या पट्टीचा रोध अवघा ०.०२४ ओहमने वाढतो. एवढासा फरक साध्या मापकाला सहसा उमगत नाही; तो टिपण्यासाठी पट्टी व्हीटस्टनच्या चौकोनातच जोडावी लागते.