किडा चुकला, निवडुंग हरला

पाऊस लागला की सोलापूर परिसरात बांधांवर, रस्त्याच्या कडेला आणि रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत माजते. कुणाच्या अंगाला त्याने खाज सुटते, कुणाचा दमा उठतो. हे गवत फस्त करणारे, पाठीवर काळ्या रेघा असलेले मेक्सिकन भुंगे 1983 मध्ये बंगळुरूला आणले गेले आणि पुढे देशभर पसरले. तणावर कीटक सोडण्याचा हा उपाय नवा वाटतो. पण भारतात त्याची सुरुवात सव्वादोनशे वर्षांपूर्वी झाली, आणि तीही तसा काही बेत नसताना. त्या कथेतले मुख्य पात्र म्हणजे मद्रासचे डॉ. जेम्स अँडरसन.

अँडरसन यांचा जन्म 1738 मध्ये स्कॉटलंडमध्ये, एडिंबराजवळ झाला. ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यवैद्य म्हणून ते मद्रासला आले आणि चढत चढत तिथल्या वैद्यकीय खात्याच्या प्रमुखपदी पोहोचले. जीव मात्र रमायचा झाडांत. तुती, रेशीम, नाना वनस्पती, कशाकशाचे प्रयोग त्यांनी केले.

त्या काळी जगातला सर्वांत महागडा लाल रंग मेक्सिकोहून येई. तो मिळे निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या इवल्याशा किड्यांपासून. किडे वाळवायचे, कुटायचे, की झाला किरमिजी रंग. एक पौंड रंगासाठी सुमारे 70 हजार किडे लागत. हा धंदा स्पेनने मुठीत ठेवला होता आणि तो फोडायला कंपनी टपलेली होती. 1786 मध्ये अँडरसन यांना मद्रासच्या गवतावर तसाच एक किडा दिसला. हरखून त्यांनी लंडनला सर जोसेफ बँक्स यांना कळवले, पत्रे छापूनही काढली. नमुने तपासल्यावर त्यातून कामाचा रंग निघेना.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. अँडरसन यांनी सैदापेटजवळ निवडुंगाची बागच उभी केली, आपल्या भाच्याला, डॉ. अँड्र्यू बेरी यांना, तिच्या देखरेखीवर नेमले आणि खऱ्या किड्याची वाट पाहत राहिले. त्याच निवडुंगाची पाने खलाशांच्या स्कर्व्हीवर उपयोगी पडतील, असेही त्यांना वाटे. 1808 मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक छापले. वैद्य शेवटी वैद्यच.

किडा आला 1795 मध्ये. कॅप्टन नीलसन यांनी ब्राझीलच्या रिओ दि जानेरो बंदरातून तो कलकत्त्याला आणला आणि तिथून तो मद्रासला पोहोचला. पण हा मेक्सिकोतला पाळीव कोचिनील नव्हता, त्याचा रानटी भाऊबंद होता. मुद्दाम मागवलेल्या निवडुंगांवर तो रुजेना. कुंपणाला लावलेल्या एका साध्या निवडुंगावर मात्र तुटून पडला. रंग हलक्या प्रतीचा निघाला, भाव मिळाला नाही, आणि कुंपणे वाळून आडवी झाली. अँडरसन 1809 मध्ये मद्रासलाच वारले. चेन्नईच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे.

रंगाचा धंदा बुडाला, पण एक गोष्ट लोकांच्या ध्यानात राहिली: हा किडा निवडुंग मारतो. 1836 नंतर दक्षिण भारतात माजलेल्या त्या निवडुंगावर तो मुद्दाम सोडला गेला. 1860 च्या दशकात तो श्रीलंकेत नेण्यात आला. तण मारायला एका देशातून दुसऱ्या देशात कीटक नेल्याचे हे जगातले पहिले उदाहरण मानले जाते.

दख्खनच्या गावांभोवती पसरणाऱ्या फड्या निवडुंगाला मात्र हा किडा तोंडही लावत नसे. त्यासाठी त्याच्याच कुळातली दुसरी जात शोधावी लागली. ती 1926 मध्ये श्रीलंकेतून भारतात आली आणि पाच-सहा वर्षांत तिने दक्षिणेतली मोठी राने मोकळी केली. दिसायला दोन्ही किडे सारखेच, कापसाचे बारके पुंजके चिकटावेत तसे. खाण्याच्या आवडी मात्र पूर्ण वेगळ्या.

अशा आवडीनिवडी आता आधी प्रयोगशाळेत तपासतात, मगच कीटक मोकळा सोडतात. गाजर गवताच्या भुंग्याचीही अशी परीक्षा झाली होती. तरीही पुढे तो सूर्यफुलावर दिसू लागला आणि शेतकरी धास्तावले, कारण ही दोन्ही झाडे एकाच कुळातली. त्याचा प्रसार थांबवून चौकशी झाली. गाजर गवताचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसतात आणि त्यांच्यामुळे भुंगा ती पाने कुरतडतो, असे आढळले. नुसत्या सूर्यफुलावर त्याचा निभाव लागत नाही. म्हणून तो पुन्हा सोडायला परवानगी मिळाली. कोरड्या दिवसांत हा भुंगा जमिनीत दडून बसतो आणि पावसानंतरच वर येतो. त्यामुळे सोलापूरसारख्या कमी पावसाच्या भागात गवत फुलण्याआधी उपटण्याचे काम माणसांनाच करावे लागते, तेही हातमोजे घालून.