आगकाड्या नाचवणारे दादासाहेब

(द्वितीय वर्ष, कला)

दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की आपल्यापुढे 'राजा हरिश्चंद्र' उभा राहतो. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत त्यांना एक ओळ मिळते आणि दरवर्षी पुरस्कार जाहीर झाला की वर्तमानपत्रात त्यांचे छायाचित्र येते. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक एवढे म्हटले की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानतो. परंतु या थोर पुरुषाच्या आयुष्यातील एक हसरा कोपरा आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे. १९१५ साली, अत्यंत ओढगस्तीच्या काळात, त्यांनी पडद्यावर चक्क काडेपेटीतल्या काड्या नाचवल्या होत्या. मित्रहो, त्या काड्यांच्या निमित्ताने मला त्यांचे चरित्र सांगायचे आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित होते. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याचे काम मिळाल्यामुळे कुटुंब मुंबईस आले. भिक्षुकीची व शास्त्र्यांची परंपरा असलेल्या घरातील या मुलाचा ओढा मात्र रंग, माती आणि सोंगे यांकडे होता. १८८५ साली तो जे. जे. कला विद्यालयात दाखल झाला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेला. तेथे चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण, छपाईच्या नाना प्रक्रिया असे मिळेल ते तो शिकत गेला. जादूचे प्रयोगही त्याने आत्मसात केले. फाळके हे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने तो जादूगार म्हणून रंगमंचावर उभा राहत असे. आपल्या नावाचीसुद्धा गंमत करण्याचा हा स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आयुष्य मात्र गमतीचे नव्हते. गोध्र्यास छायाचित्रकाराचा व्यवसाय करीत असता प्लेगने त्यांची पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. पुरातत्त्व खात्यात त्यांनी काही काळ नोकरी केली, परंतु स्वदेशीच्या वाऱ्याने ती सोडली. छापखाना काढला, तो चांगला चालला, आणि भागीदारांशी मतभेद होताच त्यातूनही ते बाहेर पडले. चाळिशी ओलांडलेला, पदरी मुले असलेला हा माणूस पुन्हा रिकाम्या हाताने उभा होता. अशा वेळी १९११ साली मुंबईत एका तंबूतील चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला, आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. चित्रपटांचा अभ्यास करताना डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत येताच १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि कॅमेरा खरेदी करून, विद्या शिकून एप्रिलमध्ये परत आले.

आता पैसा हवा होता. या नव्या खुळात कोण पैसे घालणार? तेव्हा दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. कुंडीपुढे कॅमेरा मांडून त्यांनी थोड्या थोड्या अवधीने एकेक चित्र घेतले. हा उद्योग महिनाभर चालला. मग ती चित्रे सलग पडद्यावर दाखवली, तेव्हा मातीतून अंकूर फुटला आणि मिनिटभरात पाहता पाहता वेल वाढला. 'अंकुराची वाढ' हाच त्यांचा पहिला चित्रपट. तो पाहून कर्ज देणाऱ्यांचा विश्वास बसला.

आमच्या पारनेर तालुक्यात, विशेषतः कान्हूरच्या पठारावर, पावसाळ्यात वाटाणा होतो. आमच्या घरीही होतो. पेरल्यापासून शेंगा तोडीपर्यंत आई रानात किती खेपा घालते हे मी लहानपणापासून पाहते आहे. म्हणून की काय, मला 'हरिश्चंद्रा'पेक्षा या वाटाण्याचे अधिक अप्रूप वाटते. आपल्या सिनेमाची सुरुवात एका शेतमालाच्या दाण्यापासून झाली, हे पुस्तकात ठळकपणे का लिहीत नाहीत, हे मला उमगत नाही.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. तारामतीचे काम करण्यास स्त्री मिळेना, म्हणून साळुंके या तरुणास लुगडे नेसवावे लागले, ही हकीकत सर्वांना माहीत आहे. सरस्वतीबाईंची हकीकत तितकी माहीत नाही. कोऱ्या फिल्मला कडेने भोके पाडण्याचे किचकट काम त्या रात्री अंधारात करीत. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडेच होता. चित्रण चालू असता उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे आणि प्रसंगी अंगावरचे दागिने काढून देणे हेही त्यांनी केले. त्यांचे नाव पडद्यावर कुठे झळकले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. ज्यांच्या श्रमावर मी येथे बसले आहे त्यांचेही नाव कोणत्या निकालपत्रावर येणार नाही, म्हणून सरस्वतीबाई मला दूरच्या वाटत नाहीत.

यशानंतर दादासाहेब नाशिकला गेले. 'मोहिनी भस्मासुर' हा पौराणिक चित्रपट दाखवताना त्यांनी सोबत 'पिठाचे पंजे' हा लहानसा विनोदी चित्रपट जोडला. पोथीपुराणासोबत हशाही हवा, हे त्यांनी ओळखले होते. १९१४ साली ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांची वाहवा झाली, तेथेच राहून काम करण्याविषयी विचारणाही झाली. ती नाकारून ते परतले, तो महायुद्ध पेटले. पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, परदेशातून येणारी कोरी फिल्म दुर्मिळ झाली. मोठा चित्रपट काढणे अशक्य झाले. दुसरा एखादा कपाळाला हात लावून बसला असता. दादासाहेबांनी काडेपेटी उघडली.

'आगकाड्यांची मौज' हा चित्रपट १९१५ चा. याची रीत वाटाण्याचीच होती. काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचे, काड्या केसभर सरकवायच्या, पुन्हा एक चित्र घ्यायचे. त्या काळच्या हाताने फिरवायच्या यंत्रावर सेकंदाला साधारण सोळा चित्रे सरकत. म्हणजे एका मिनिटाच्या नाचासाठी साडेनऊशेहून अधिक वेळा काड्या हलवणे आले. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली काड्यांचा असाच खेळ केला होता. आपल्याकडे मात्र हे नवीनच होते. 'लक्ष्मीचा गालिचा' या चित्रपटात त्यांनी नाण्यांकडूनही असाच खेळ करून घेतला. पगारदार नट नको, पोषाख नको, रंगवलेले पडदे नकोत. खिशात होते ते एवढेच, आणि तेच त्यांनी कामाला लावले.

या कामाचे मोल मला घरातल्या एका जुन्या डीव्हीडीमुळे कळले. मामांनी मी लहान असताना पुण्याहून 'टॉम आणि जेरी'ची तबकडी आणली होती. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावासाठी मी ती पुन्हा लावली. मांजर कपाटावर आपटते, चपटे होते, पुन्हा उभे राहते, उंदीर पळतो. भाऊ हसून लोळत होता. मी मात्र रिमोटने चित्र थांबवत, एकेक पुढे सरकवत पाहू लागले. एका आपटण्यात कितीतरी वेगवेगळी चित्रे निघाली! ही चित्रे मुळात घरातल्या पडद्यासाठी नव्हतीच. १९४० पासून ती अमेरिकेतील चित्रपटगृहांत मुख्य खेळाच्या आधी दाखवीत. तेथील प्रेक्षकाला ती थांबवून पाहता येत नव्हती. मला पारनेर तालुक्यातल्या वस्तीवर बसून ते करता आले. नाना म्हणाले, एवढी मोठी झालीस तरी पोरखेळ सुटत नाही. त्यावर मी त्यांना दादासाहेबांच्या काड्यांची हकीकत सांगितली. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग, तो सिनेमा लाव की, म्हणाले.

तो लावता येत नाही. कारण 'आगकाड्यांची मौज' आज शिल्लक नाही. त्या काळची फिल्म चटकन पेट घेणारी असे, ओलाव्याने व उष्णतेने ती कुजे, आणि कित्येक मूकपट तर त्यातील चांदीसाठी विकले गेले. दादासाहेबांनी लहानमोठे मिळून शंभराहून अधिक चित्रपट काढले. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी शोधाशोध करून 'राजा हरिश्चंद्र'चे काही भाग, 'कालिया मर्दन' असे मोजकेच धन वाचवले. 'कालिया मर्दन' मी मोबाईलवर पाहिला. दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे आणि तिच्या खोड्या पाहून आजही हसू येते. तो चित्रपट १९१९ चा आहे. शंभर वर्षांपूर्वीची आपली एक मुलगी आपल्याला हसवते, ती केवळ कोणीतरी ते डबे जपले म्हणून.

पुढची कहाणी दुःखाची आहे. भागीदारांशी बिनसल्यामुळे दादासाहेब स्वतःच्या कंपनीतून बाहेर पडले, काशीस गेले, 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले, परत आले. बोलपट आल्यावर काळ त्यांच्या पुढे निघून गेला. कोल्हापुरात १९३७ साली काढलेला 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ साली.

परदेशातले मांजर-उंदीर आपल्या घरात शाबूत आहेत आणि आपल्या मातीतला पहिला काड्यांचा नाच मात्र हरवला आहे, याची मला खंत वाटते. राजाची कथा होती म्हणून ती थोडीतरी जपली गेली असेल. काड्यांची मौज होती म्हणून ती कोणाला जपावीशी वाटली नसेल. वास्तविक दोन्हींमागे कष्ट तेच होते. माझे आजोबा कोरठणच्या यात्रेतल्या तंबूतील सिनेमाविषयी सांगतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसत, रीळ तुटले की शिट्ट्या वाजत. ते तंबू चालवणारी, त्यात काम केलेली माणसे आपल्या तालुक्यात अद्याप असतील. येत्या यात्रेच्या सुट्टीत आपण प्रत्येकाने आपापल्या गावातल्या एका तरी म्हाताऱ्या माणसाकडून या आठवणी लिहून घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे. मी आजोबांपासून सुरुवात केली आहे. वहीची अकरा पाने झाली.