थोरले शाहू महाराज आणि खंड्या

कोल्हापुरात शाहू महाराज म्हटले की राजर्षींचीच मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. मी लिहीत आहे ते त्यांच्या फार आधीचे, साताऱ्याचे थोरले शाहू. आणि त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्रा खंड्या.

मी मूळचा पांढुर्ण्याजवळच्या तिगावचा. आमच्याकडे संत्र्याच्या बागेत राखणीला कुत्रे असावेच लागते. म्हणून राजाने कुत्र्याला पालखी दिल्याची गोष्ट प्रथम ऐकली तेव्हा मला नवल वाटले, पण हसू आले नाही. पुढे कळले की आमचा मुलूखही शाहूंच्या शिकारीच्या नादाशी जोडलेला आहे. ज्या रघूजी भोसल्यांनी देवगडच्या राज्यावर नागपूरचा अंमल बसविला, त्यांच्यावर महाराजांची मर्जी बसली ती ते धाडसी शिकारी म्हणून. आपल्या शिर्के घराण्यातील राणीची बहीण महाराजांनी त्यांना दिली.

शाहूंचा जन्म 1682 चा, माणगावाजवळच्या गांगवलीचा. 1689 मध्ये रायगड पडला आणि सात वर्षांचे हे पोर आई येसूबाईंसह औरंगजेबाच्या छावणीत गेले. अठरा वर्षे! खाण्यापिण्याची, मानमरातबाची वाण नव्हती. परंतु दारावरचा पहारेकरी उभा असे तो या मुलाच्या रक्षणाकरिता नव्हे, तो निसटू नये म्हणून. औरंगजेब वारल्यावर 1707 मध्ये सुटका झाली, 1708 च्या जानेवारीत साताऱ्यास राज्याभिषेक झाला. तरी आई ओलीस राहिली ती 1719 पर्यंत. राज्य पुढे अटकेकडे निघाले, पण ते पेशव्यांच्या आणि सरदारांच्या घोड्यांवरून. महाराज स्वतः शिकार, बागा, पाखरे आणि कुत्री यांत रमले.

अशाच एका शिकारीत वाघ अंगावर आला असता खंड्याने महाराजांचा जीव वाचविला. महाराजांनी त्याच्या नावे रीतसर सनदा करून जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि त्या पालखीचा सरंजामही चालू ठेवला. उतारवयात एकदा भर दरबारात त्याला जरीचे वस्त्र व जवाहीर घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि नंतर स्वतः पगडी कधी घातली नाही, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. साहेबांनी याला बुद्धिभ्रंशात जमा केले. मला ते पटत नाही. ज्याने सारे बालपण आपल्यावर नजर ठेवणाऱ्यांत काढले, त्याला आपल्यासाठी जागणारा जीव भेटल्यावर तो त्याला काय देणार नाही? पगडीची गोष्ट विक्षिप्त खरीच; पण दरबारात बसलेल्यांतले किती जण वाघापुढे उभे राहिले असते, हाही हिशेब त्यात असावा.

दख्खनची शिकारी कुत्री म्हणजे आज मुधोळ हाउंड म्हणून प्रसिद्ध असलेली जात. मुधोळच्या घोरपडे राजांनी ती जोपासली. 2005 साली तिचे टपाल तिकीटही निघाले. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट. बरगड्या दिसतात म्हणून नवखा माणूस त्याला उपाशी समजून भाकरीवर भाकरी टाकतो, तसे करू नये. तो त्याचा बांधाच आहे. रोज मोकळ्या रानात धावणे मात्र हवेच. दिवसभर साखळीला बांधले की ते चिडखोर होते. अंगावर केस आखूड, म्हणून थंडीत निजायला पोते किंवा घोंगडी द्यावी. पिसाळरोगाची लस चुकवू नये. परक्याचा हात ते अंगाला सहज लागू देत नाही, आणि मारहाणीने तर ते कायमचे बिथरते. कुत्र्यावर काठी उगारणारा राखणदार आमच्याकडे कच्चा समजतात.

महाराज 15 डिसेंबर 1749 रोजी साताऱ्यास वारले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीस त्यांची समाधी आहे. खंड्याचे दगडी स्मारकही तेथेच आहे.