टाटांनी वीज मुंबईला नेली, पण पाणी कर्जतला राहिलं आणि कडावची बाजारपेठ भरली

एप्रिल महिन्यात कर्जतहून कडावच्या रस्त्याला लागलात तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. सगळा कोकण तेव्हा करपलेला असतो, डोंगर पिवळे पडलेले असतात आणि मध्येच दोन्ही बाजूंना हिरवंगार भात उभं असतं. पावसाळ्यात नाही, भर उन्हाळ्यात.

कर्जत तालुक्यात पाऊस बक्कळ, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. पण तो चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून वाहून समुद्राला मिळतो. दिवाळीनंतर जमीन कोरडी. मग उन्हाळी भाताला पाणी येतं कुठून?

ते येतं राजनाला कालव्यातून. कालव्यात येतं टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून. आणि वीजघर ज्या कल्पनेतून उभं राहिलं ती होती जमशेटजी टाटांची. गंमत म्हणजे जमशेटजींनी कडावच्या भाताचा विचार कधी केला असेल असं वाटत नाही. त्यांच्या डोक्यात मुंबईच्या गिरण्या होत्या.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातेतल्या नवसारीचा. घराणं पारशी पुरोहितांचं. वडील नसरवानजी यांनी भिक्षुकी सोडून मुंबईत व्यापार सुरू केला आणि पोरालाही बोलावून घेतलं. एल्फिन्स्टन कॉलेजातून शिकून बाहेर पडल्यावर जमशेटजी वडिलांच्या पेढीत लागले. पुढच्याच वर्षी, १८५९ ला, त्यांची रवानगी हाँगकाँगला झाली.

पुढची काही वर्षं कापसानं त्यांना हसवलं आणि रडवलंही. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी अक्षरशः पैसा लुटला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि अर्धी मुंबई दिवाळखोरीत गेली. टाटांची पेढीही अडचणीत आली. १८६८ ला जमशेटजींनी २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची वेगळी पेढी काढली. वर्षभरात चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापड गिरणी केली, अलेक्झांड्रा असं नाव दिलं आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकून टाकली.

आता कडाव समजून घ्यायचं तर आधी नागपूरला जावं लागतं.

त्या काळात गिरणी काढायची म्हणजे मुंबईतच, असा सगळ्यांचा समज होता. जमशेटजींनी उलटा हिशोब मांडला. कापूस पिकतो विदर्भात. तो मुंबईला आणायचा, कापड विणायचं आणि परत आत पाठवायचं, हा खर्च कशाला? त्यांनी जागा शोधायला सुरुवात केली. जबलपूरकडे नर्मदेच्या पाण्यावर गिरणी चालवता येईल का हेही पाहिलं, पण ते जुळलं नाही. शेवटी नागपूर ठरलं. कापूस जवळ, कोळसा जवळ, रेल्वे दारात. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन त्यांनी स्वस्तात घेतली आणि भराव टाकायला सुरुवात केली. तिथल्या एका सावकारानं पैसे गुंतवायला नकार दिला, कारण त्याला वाटलं हा माणूस खड्ड्यात सोनं ओततोय. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, तिनं वर्षानुवर्षं भरघोस लाभांश वाटला आणि त्या सावकाराला आपला अंदाज चुकल्याचं कबूल करावं लागलं, असं सांगतात.

यातला मुद्दा पकडून ठेवा. कच्चा माल आणि ताकद जिथं आहे, तिथं धंदा न्यायचा. पण मुंबईच्या गिरण्या काही उचलून नेता येत नव्हत्या. त्या चालायच्या वाफेवर, वाफेला लागायचा कोळसा आणि तो यायचा लांब बंगालकडून. खर्च जास्त आणि परळ-लालबागवर धुराचं छप्पर. १८८६ ला कुर्ल्याची स्वदेशी मिल हाती घेतल्यावर हा खर्च जमशेटजींना रोज दिसत होता.

मुंबईत डेव्हिड गॉसलिंग नावाचे एक इंजिनियर होते. त्यांचं म्हणणं असं की लोणावळ्याला पाऊस धो धो पडतो, घाटाखाली खोपोली आहे, मध्ये दीड हजार फुटांहून मोठा उतार आहे. पाणी वर अडवा, नळातून खाली सोडा, वीज तयार होईल. बहुतेकांना हे स्वप्नरंजन वाटलं. जमशेटजींनी मात्र योजना हातात घेतली, सरकारदरबारी परवानगीसाठी खटपट सुरू केली.

पण ती पूर्ण झालेली पाहायला ते राहिले नाहीत. पोलादाचा कारखाना, बंगळूरची विज्ञान संस्था आणि ही जलविद्युत, तिन्ही कामं कागदावर ठेवून १९ मे १९०४ ला जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथं ते वारले. मोठ्या स्वप्नांपैकी डोळ्यांदेखत उभं राहिलं ते फक्त ताजमहाल हॉटेल, तेही मरणाच्या पाच-सहा महिने आधी.

दोराबजी आणि रतनजी या मुलांनी काम पुढं नेलं. १९१० ला कंपनी स्थापन झाली, भांडवल संस्थानिकांकडून आणि देशी गुंतवणूकदारांकडून जमलं. १९११ ला लोणावळ्यात पायाभरणी झाली आणि १९१५ ला खोपोलीची वीज मुंबईला पोचली. खालापूर तालुक्यातलं हे वीजघर पहिलं. गिरण्यांची भूक वाढली तशी दुसरी योजना आली. मावळातल्या आंध्रा नदीवर ठोकरवाडीला धरण बांधलं आणि घाटाखाली कर्जत तालुक्यात भिवपुरीला वीजघर उभं राहिलं. ते १९२२ ला सुरू झालं. (धबधब्यासाठी तुम्ही ज्या भिवपुरी रोड स्टेशनला उतरता ते वेगळं, वीजघर सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहे.)

आता खरी मेख इथं आहे. आंध्रा ही इंद्रायणीची उपनदी. तिचं पाणी मूळचं भीमेत, तिथून कृष्णेत आणि मग बंगालच्या उपसागरात जाणार. टाटांनी ते अडवून उलट पश्चिमेला, घाटाखाली टाकलं. जनित्र फिरवून झालं की कंपनीच्या दृष्टीनं पाण्याचं काम संपलं. वीज तारांवरून मुंबईला गेली, पाणी मात्र कर्जतमध्ये उरलं. आणि मुंबईला वीज बाराही महिने लागते, म्हणून हे पाणीही बाराही महिने येत राहिलं. पेज नदी उन्हाळ्यात वाहते ती यामुळंच.

हेच पाणी वळवून राजनाला कालव्यानं शेतात नेलं. हिवाळ्यात भातकापणी उरकली की कालव्याला पाणी सुटण्याची वाट बघायची आणि दुसरं पीक घ्यायचं. इथले लोक त्याला दुबार शेती म्हणतात.

एका पिकाच्या गावात बाजारपेठ फुगत नाही. भात वर्षातून एकदा येतं, निम्मं घरात खायला जातं, उरलेलं विकून देणी भागतात आणि माणसं वीटभट्टीवर किंवा मुंबईला कामाला निघतात. दुसरं पीक आलं की चित्र पालटतं. बियाणं दोनदा, खत दोनदा. भाताच्या गिरणीला पावसाळी पीक सरल्यावरही काम असतं. ट्रॅक्टरवाला, मजूर, किराणावाला, कापडवाला, सगळ्यांच्या हातात मे महिन्यातही पैसा खेळतो. पाटाखालच्या गावांना आणि घाटाखालच्या वाड्यांना प्रत्येक खरेदीसाठी कर्जत गाठणं परवडत नाही. त्यांच्या वाटेवर पडतं कडाव. बालदिगंबर गणेशाच्या देवळासाठी बाहेरच्यांना माहीत असलेलं हे गाव आसपासच्या खेड्यांसाठी बाजाराचं गाव झालं ते असं. कर्जतच्या भात संशोधन केंद्रानं काढलेली कर्जत-३ सारखी वाणं आली आणि शेतकऱ्याच्या हाताला आणखी बळ मिळालं.

हिशोबाची दुसरी बाजूही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. टाटांच्या तिसऱ्या योजनेत मुळशी खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं उठणार होती. तिथल्या मावळ्यांनी १९२१ ला सत्याग्रह केला, पुढं सेनापती बापटांनी तो लढवला, तुरुंग भोगला. धरण झालंच. जमशेटजी जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती, पण वाट त्यांनीच दाखवलेली होती. कर्जतकरांचंही या तारांशी नातं सरळ नव्हतं. १९४२ ला माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरेच पाडले होते.

आणि प्रश्न अजून संपलेला नाही. भीमा खोऱ्यातला दुष्काळ वाढला की टाटांच्या धरणांचं पाणी वीजनिर्मितीला न देता पूर्वेला सोडा, अशी मागणी पुण्या-सोलापुरातून होते. तिकडच्या शेतकऱ्याचं म्हणणं रास्त आहे, पाणी मूळचं त्याच्याच खोऱ्यातलं. पण ते वळलं तर वीज दुसरीकडून आणता येईल, उल्हास नदीवर जगणाऱ्या बदलापूर-अंबरनाथच्या नळाचं काय? आणि कडावच्या दुबार शेतीचं? तिकडं काही शेतकऱ्यांनी उत्तराची वाट न पाहता फार्महाऊसवाल्यांना जमिनी विकल्यात. बाकीचे दर हिवाळ्यात पाट साफ करून पाणी कधी सुटतंय ते विचारत असतात.